मधल्या दारातलं दुकान

बाई,

तुमच्या तेरवीला इतक्या बायका येतील असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. भात कमी पडला, तेव्हा घरामागच्या सांदवाडीत दुसरी चूल पेटवावी लागली. आंबागडहून आल्या, मोहाडीकडून आल्या, काही तर कडेवर लेकरं घेऊन चालत आल्या. जेवल्या, ओट्यावर बसल्या, डोळे पुसले. आणि निघताना प्रत्येकीनं माझा हात धरला. "दोघी जावा, पण सख्ख्या बहिणीवानी राहिल्या व तुम्ही. तूच सांभाळलं तिले."

मी मान हलवत राहिले. एकीलासुद्धा म्हणाले नाही की माय, तसं नाही. शेवटची बाई गेली तेव्हा मी न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबला. रडण्यासाठी नव्हे. ओरडून सगळ्या गल्लीला सांगेन की काय, याची भीती वाटली म्हणून.

त्यांना नाही सांगितलं, तुम्हाला सांगते. तुम्हाला ठाऊक होतंच. घरात नऊ वर्षं ते दोघींनाच ठाऊक होतं, आणि आता एकटी मीच उरले.

मी कारध्याहून या घरात आले तेव्हा सतरा वर्षांची होते. आंधळगावच्या बाजारओळीत पुढच्या खोलीत बांगड्यांचं दुकान, मागं घर. दुकान तुमच्या मालकांच्या, दादाजींच्या नावाचं, पण दादाजी माल आणायला नागपूरला जायचे तेवढेच. गादीवर तुम्ही. लग्नानंतर पहिल्यांदा माझा चुडा बदलायचा होता तेव्हा तुम्ही मला समोर बसवलं. माझे हात राठ, अंगठ्याचं हाड मोठं. माहेरी कासारीण यायची तेव्हा मी दर वेळी रडायचे, म्हणून आधीच डोळे मिटून घेतले. तुम्ही माझा हात नुसता धरून बसलात. मग विचारलंत, "तुमच्या कारध्याले नदीले पूर आला का पाणी कुठंवर येते?"

मी म्हणाले, "मारुतीच्या पायरीवर येते. एका साली तर..." आणि सांगता सांगता पाहिलं तर तीन बांगड्या मनगटात गेल्या होत्या.

"मंग? एका साली काय झालं?" तुम्ही हसत होतात.

हीच तुमची रीत होती. मी पुढं चौदा वर्षं तुम्हाला पाहिलं आणि मला तिची नक्कल जमली नाही. बाई पायरीशी आली की तुम्ही "काय पाहिजे?" कधी विचारलं नाही. "ये व माय, बस. उन्हाची आली," असं म्हणायचात आणि पाण्याचा तांब्या पुढं करायचात. तिचा श्वास खाली बसेपर्यंत बांगड्यांचं नावही नाही. मग हात हातात घ्यायचात, अंगठ्याच्या बुडाशी हळूच दाबायचात, आणि माप तुम्हाला कळायचं. पण ते माप तुम्ही तोंडानं कधी सांगितलं नाहीत. धानाची रोवणी करून करून ज्यांचे हात फुगलेले, सांधे जाड झालेले, त्यांना मोठं माप लागायचं. दुसऱ्या दुकानात "हिले मोठ्या काढ रे" असं चारचौघांत ओरडायचे, आणि ती बाई हात पदराखाली घ्यायची. तुम्ही म्हणायचात, "थांब, तुह्यासाठी वेगळ्या ठेवल्या आहेत." आणि मागच्या फळीवरून काढायचात. त्या वेगळ्या वगैरे काही नसायच्या, मोठ्या मापाच्या असायच्या. पण ती बाई घरी जाऊन सांगायची की आंधळगावच्या बाईनं माझ्यासाठी ठेवून दिल्या होत्या.

सासूबाई होत्या तोवर एक नियम होता. कोणत्या बाईचा हात हातात घ्यायचा आणि कोणत्या बाईच्या ओंजळीत बांगड्या वरून सोडायच्या, ते ठरलेलं. तुम्ही कधी वाद घातला नाहीत. सासूबाई पुढं असल्या की तुम्ही माल वरून सोडायचात आणि हळूच म्हणायचात, "थांब जराशी, बुढी जेवाले जाते." सासूबाई आत गेल्या की तिला वर बोलवून, तिचा हात मांडीवर घेऊन बांगड्या भरायचात. मी दारात उभी राहून राखण करायचे. दोघींना हसू आवरायचं नाही. तेवढी एकच गोष्ट आहे बाई, ज्यात मी खरंच तुमची बहीण होते.

आणीबाणी उठली त्या साली पावसाळ्यात दादाजींना कावीळ झाली. झाडपाला झाला, उतारा झाला, शेवटी भंडाऱ्याला नेलं, पण उशीर झाला होता. त्यांना अंगणात ठेवलं होतं आणि बायका तुम्हाला धरून दुकानातून बाहेर आणत होत्या. उंबऱ्यावरच कुणीतरी तुमचे हात धरले. आपल्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. "वाढवा, वाढवा" असा गलका झाला, आणि तुमच्या हातांतल्या हिरव्या बांगड्या दुकानाच्या उंबऱ्यावर वाढवल्या. पंचक्रोशीतल्या बायकांना चुडे भरणारे ते हात. मागून काच मी झाडली. किती दिवस ती फटीफटीतून निघत होती.

त्याच महिन्यात माझ्या मालकांचे डोळे पिवळे झाले.

त्या दिवसांत मी काय होते, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. मी झोपत नव्हते. त्यांच्या नखांकडे बघत बसायचे. कुणी काही सुचवलं नव्हतं, माझ्याच मनानं घेतलं की हे या घरात फिरून राहिलं आहे, एकीकडून दुसरीकडे जाऊन राहिलं आहे. तुमचं दुःख मला दिसेना. तुमचे रिकामे हात तेवढे दिसत. तुम्ही त्यांच्यासाठी उसाचा रस गाळून आणायचात आणि मी तुमच्या हातातून पेला घेताना बोटाला बोट लागू देत नव्हते. ते बरे झाले. माझी भीती मात्र बरी झाली नाही.

दिवाळीनंतर लग्नसराई लागली आणि तुम्ही परत गादीवर बसलात. पांढरं पातळ, कपाळ मोकळं, पण आवाज तोच. बाजाराचा दिवस होता. एक नवरी मुलगी, तिची आई आणि आत्या लग्नाचा चुडा भरायला आल्या. मुलगी बसली, तिनं हात पुढं केला. तुम्ही तो धरलात. आत्या पायरीवरच थांबली. तुमच्या कपाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हिच्या हातानं नाई."

नवरीची आई खाली बघत होती. ती काहीतरी बोलणार होती, मला दिसलं. मुलीनंही हात मागं घेतला नव्हता. एक क्षण, दोन क्षण. कुणी काही बोललं नसतं तर कदाचित तुम्हीच काही विचारलं असतं, आणि पहिली बांगडी गेली असती.

बोलले मी. "बाई, तुम्ही आत जा. मी भरते."

आत्या नव्हे, सासूबाई नव्हे, त्या तर आदल्या वर्षीच गेल्या होत्या. मी. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं पाहिलं असतंत तर मला आज आधार झाला असता. तुम्ही मुलीचा हात अलगद तिच्या मांडीवर ठेवलात, गुडघ्यावर हात टेकून उठलात आणि मधलं दार ओलांडून घरात गेलात. मी तुमच्या जागेवर बसले. गादी अजून ऊन होती.

नंतर मी सगळ्यांना सांगत आले की दुकानासाठी बोलले, गिऱ्हाईक गेलं असतं. तुम्हालाही तेच सांगितलं, त्याच दुपारी, पोळ्या करताना. तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे व शकू. लग्नाच्या घरचं आहे." विषय संपला. पण बाई, तेवढंच नव्हतं. मला ती गादी हवी होती. बायका आल्या की तुम्हाला विचारायच्या, मी पाणी देणारी. तुमच्या कपाळावरचं कुंकू गेलं तेव्हा माझ्या मनात कुठंतरी खोल, फार खोल, असं आलं होतं की आता जागा रिकामी होईल. हे लिहायचं नव्हतं. पण आज नाही लिहिलं तर कधी लिहिणार आणि कुणाला.

मग तुम्ही आत आणि मी पुढं. पडदा मी शिवला. तुम्ही आत बसून बांगड्या पुसायचात, जोड लावायचात, दोऱ्यात ओवायचात. मी पुढं बसून बायकांचे हात दुखवायचे. मला मापं कळायची, बाई, मापं कळायला काही लागत नाही. पण हात माझ्या हातात आला की आखडायचा. मी म्हणायचे, "सैल सोड, सैल सोड," तसा तो जास्तच आखडायचा. नदीचा पूरही विचारून पाहिला. "कुठलं गाव? पूर येते का?" ती बाई माझ्याकडे बघायची, म्हणायची, "आमच्या गावाले नदी नाई."

दोन वर्षांत ओटा ओस पडला. बसथांब्याजवळ नवं दुकान निघालं, काचेच्या कपाटाचं, आत नळीचा दिवा. मला वाटलं आपल्यालाही तेच पाहिजे. तुमसरहून कारागीर आणून कपाट करून घेतलं, पायरीच्या तोंडाशी आडवं लावलं, वर काच. तुम्ही पडद्याआडून पाहत होतात.

"शकू, बाई बसंन कुठं?"

"उभ्यानं पाहतीन. माल तर दिसते."

"माल दिसते व. पण चार कोस चालून आलेली बाई उभ्यानं काय पायते?"

"तिकडच्या दुकानात उभ्याच राहतात."

"तिकडं एकदाच जातात."

"तुम्हाले माहीत आहे?"

तुम्ही पडदा सोडून आत वळलात. मला वाटलं मी जिंकले. हे भांडण आपलं कधी पुरं झालंच नाही. मी म्हणायचे, बायका बांगड्यांसाठी येतात, चांगला माल ठेवा, झगझगीत ठेवा. तुम्ही म्हणायचात, बांगड्या तर जत्रेतही भेटतात.

आणि मग ती आंबागडची सीता आली.

डोंगरकडेची बाई, तेंदूपत्त्याच्या कामावर जाणारी. उजवा हात लहानपणी चुलीत भाजलेला, दोन बोटं आतल्या बाजूला वळून घट्ट झालेली. कपाटापाशी उभ्यानं हात पुढं केला. पहिली बांगडी मी अर्ध्यावर नेली आणि ती मोडली. दुसरीचा तुकडा तिला लागला. रक्त आलं. ती दात आवळून उभी होती, आणि मी, घाबरून, आणखी जोर लावत होते.

"शकू, सोड तिचा हात."

पडद्याआडून आवाज आला. तुम्ही त्या पडद्याआडून गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदा बोललात.

सीतेनं मान वर केली. "आत कोण आहे? तीच जुनी बाई ना? मायी माय सांगे तिची गोष्ट. तिले बोलाव."

मी म्हणाले, "त्या... त्या बाहेर बसत नाहीत. त्यांचे मालक गेले."

"मंग?" सीता म्हणाली. "मी का इथं कुंकू घ्याले आली? मले हात दुखून राहिला."

आणि ती कपाटाच्या कडेनं वाट काढून, मला ओलांडून, आत गेली. मधल्या दाराशी बसली. तुम्ही गादीवर आला नाहीत. दाराच्या अलीकडे ती, पलीकडे तुम्ही, मध्ये उंबरा. आधी तुम्ही तिच्या बोटाला हळद लावलीत. मग तिचा तो भाजलेला हात मांडीवर घेतलात आणि विचारलंत, "मोहफुलं वेचाले पहाटे किती वाजता निघता व तुम्ही?"

तिचं उत्तर संपायच्या आत सहा बांगड्या गेल्या होत्या. मी काचेच्या मागं उभी राहून बघत होते. आनंद झाला असं खोटं सांगत नाही. माझं तोंड कडू झालं होतं.

पुढच्या बाजाराला तिनं आणखी दोघींना आणलं. मग त्यांनी कुणाला सांगितलं, मला माहीत नाही. बायका येत, माझं काचेचं कपाट नुसतं बघत आणि मधल्या दाराकडे जात. ज्यांना विधवेच्या हाताचं चालायचं नाही त्या माझ्याकडे भरत, नवऱ्यामुली बहुतेक माझ्याकडेच. पण नवरी मुलगी वर्षानं परत आली की माझ्यासमोरून जाऊन तुमच्यापुढं बसायची. वर्षभरात तिला कळलेलं असायचं. पडदा कधी काढला ते आठवत नाही. आपोआप एका खिळ्यावर अडकवलेला राहू लागला. आपलं दुकान जगलं ते त्या मधल्या दारात, बाई. मी पुढं बसून नुसती पेट्या उघडत होते.

आणखी एक गोष्ट तुम्ही सुरू केलीत, आणि तिच्यावरून मी तुम्हाला सर्वांत जास्त बोलले. दुपारी, बाजार नसलेल्या दिवशी, सांदवाडीच्या दारानं बायका यायच्या. ज्यांना बांगड्या घालायच्याच नाहीत अशा. कुणाचा नवरा वीज पडून गेला होता, कुणाचा तळ्यात बुडाला होता. त्या बांगड्यांच्या दुकानापुढून जाताना मान फिरवून जायच्या, आणि मागून तुमच्याकडे यायच्या. जोड लावायला मदत करायच्या. रंगीत काच त्यांच्या मांडीवर असायची. तुम्ही त्यांच्याशी हळू आवाजात बोलायचात, आणि कधी कधी, मला अजून नवल वाटतं, आतून हसण्याचा आवाज यायचा. पोट धरून हसण्याचा.

मी म्हणाले होते, "घेणाऱ्या नाहीत त्या बायका बसवून दुकान चालते का? लोक काय म्हणतीन? सवाष्ण बाई आत पाय ठेवंन का?"

तुम्ही म्हणालात, "त्याईले कोणत्या दुकानात बस म्हणते व कोणी? किराण्यात म्हणते? कापडात म्हणते? त्या रस्त्यावर दिसल्या तर लोक वाट बदलतात."

"मंग आपण काय करावं?"

"बस म्हणावं."

मी रागानं पुढं येऊन रेडिओ मोठा केला. नेहमीच करायचे. त्या आल्या की मी रेडिओ मोठा करायचे. तुम्ही काय बोलता ते मला ऐकायचं नव्हतं.

आता सर्वांत वाईट सांगते. बाकीच्या गोष्टी लोकांनी पाहिल्या. ही कुणी पाहिली नाही.

दादाजी गेले त्यानंतर नऊ वर्षांत मी एकदाही तुमच्यापुढं हात केला नाही. आंबागडची सीता करत होती, मोहाडीची शिक्षकीण करत होती, चार लेकरांच्या आया करत होत्या, आणि त्यांचे नवरे जिवंत होते, सगळ्यांचे. मी तुमच्यासोबत एका चुलीवर रांधत होते, तुमच्या ताटाला ताट लावून जेवत होते, माझी दोन्ही बाळंतपणं तुम्ही केलीत. पण संक्रांत आली, पोळा आला, की मी न्हाणीत जाऊन, हाताला साबण लावून, स्वतःच बांगड्या भरायचे. कधी मोडायच्या. हात सोलून निघायचा. तुम्ही बाहेर चुलीपाशी असायचात. काचेचा आवाज काचेसारखाच येतो, बाई, तो लपत नाही. मी बाहेर आले की तुम्ही माझ्या सोललेल्या हाताकडे पाहायचात आणि खोबरेल तेलाची वाटी पुढं सरकवायचात.

एकदा तरी विचारायचं होतंत. एकदा तरी म्हणायचं होतंत, शकू, तुले माह्या हाताची भीती वाटते काय? मी भांडले असते, रडले असते, खोटं बोलले असते, पण तो शब्द आपल्या दोघींत येऊन पडला असता. तुम्ही सगळ्या जगाला बोलतं केलंत, आणि माझ्यापुढंच गप्प राहिलात. की मलाच बोलायला वाट देत होतात? नऊ वर्षं?

उन्हाळ्यात तुमचं पोट दुखू लागलं. तुम्ही सांगितलं नाहीत. तुमचं जेवण कमी झालेलं मला दिसत होतं, आणि लग्नसराई आहे म्हणून मी आज उद्या करत राहिले. तुम्ही उंबऱ्याशी वाकून बसू शकेनात तेव्हा भंडाऱ्याला नेलं. पाच दिवस खाटेवर होतात. मी तिथंच खाली अंथरूण टाकून होते. डॉक्टरांनी मालकांना बाहेर नेऊन सांगितलं, आणि मालकांनी मला काही सांगितलं नाही, नुसते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तिथंच कळलं.

चौथ्या दिवशी दुपारी तुम्ही जाग्या होतात. पंखा फिरत होता. मी तुमच्या उशाशी बसून पाणी पाजत होते. तुम्ही पेला बाजूला केलात आणि माझं मनगट धरलंत. मला वाटलं आधारासाठी. पण तुमचा अंगठा माझ्या अंगठ्याच्या बुडाशी गेला, आणि तुम्ही हळूच दाबलंत. कितीदा पाहिलं होतं मी ते. तुम्ही माप घेत होतात.

"हात वाढला व तुहा," तुम्ही म्हणालात. "त्या लहान पडतात तुले. कायले सोलून घेते?"

आणि मी हात मागं घेतला.

बाई, मी विचार करून नाही घेतला. देवाशपथ. मालक दारात उभे होते, औषधाची चिठ्ठी घेऊन, त्यांच्याकडे माझी नजर गेली आणि हात आपसूक मागं आला. झटका देऊन. पाणी तुमच्या पदरावर सांडलं.

तुम्ही म्हणालात, "राहू दे."

पदर पुसते असं मी म्हणाले, नर्सला बोलावते म्हणाले, काय काय म्हणाले. तुम्ही डोळे मिटले होते. पुन्हा बोललात ते मालकांशी, चार शब्द, वावराबद्दल. माझ्याशी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी खाली नळावर तोंड धुवायला गेले होते तेवढ्यात, तुम्ही गेलात.

तुमचं "राहू दे" पाण्याबद्दल होतं का? पदराबद्दल होतं का? की सगळ्याचबद्दल होतं? मी रात्रंदिवस तो शब्द उलटून पालटून बघते. कधी त्यात माफी दिसते. कधी दार लावून घेतल्यासारखं वाटतं. तुमचा आवाज कसा होता तेसुद्धा आता नीट आठवेना. थकलेला होता. बस, थकलेला होता.

गाडीतून तुम्हाला आणताना कारध्याच्या पुलाकडे जाणारा फाटा लागला. माझं माहेर तिथं, पुलाच्या टोकाशी, मी बाहेर पाहिलंसुद्धा नाही. घरी आणून तुम्हाला न्हाऊ घालताना तुमचा उजवा हात माझ्याकडे आला. किती लहान होता. बोटांच्या टोकांना काचेचे बारीक बारीक चरे, काही जुने पांढरे, काही ताजे. मी अंगठ्याच्या बुडाशी दाबून पाहिलं आणि मला कळलं की तुमचं माप मला माहीत नाही. बांगड्यांच्या घरात चौदा वर्षं राहिले. तुम्ही सगळ्या मुलखाचे हात ओळखत होतात, आणि तुमचा हात एकदाही कुणी मांडीवर घेऊन बसलं नाही. मी तो धरून इतका वेळ बसले की बायका म्हणाल्या, "सोड व, उशीर होते." तेव्हा मी सोडत नव्हते. तेव्हा मला भीती वाटत नव्हती. कशाला उपयोग?

तेरवीनंतरचा पहिला बाजार काल झाला. मालक म्हणाले, एक आठवडा बंद ठेव. मी उघडलं. बायका आल्या, मधल्या दाराकडे पाहिलं, थबकल्या. कुणी घेतलं, कुणी तसंच गेलं. दुपारी एक बाई आली. पंचविशीची असेल, पांढरं पातळ, सोबत सात आठ वर्षांची मुलगी. तिनं मुलीला पुढं ढकललं, पैसे तिच्या मुठीत देऊन, आणि स्वतः पायरीच्या खाली, रस्त्यावर, उन्हात उभी राहिली. पाठ अर्धी दुकानाकडे, अर्धी रस्त्याकडे. कुणी हटकायच्या आधीच सरकलेली.

मी मुलीच्या हातात बांगड्या घातल्या. हात दुखवला नाही, लहान होता. मग मी त्या बाईकडे पाहिलं. उठले. काचेच्या कपाटाच्या कडेनं बाहेर आले, पायऱ्या उतरले, आणि तिचं मनगट धरलं.

तिनं हात झटकन मागं घेतला. "मले नाई, मले नाई," ती म्हणाली. "पोरीलेच पाहिजेत."

तो झटका मला कुठं लागला, तुम्हाला सांगायला नको.

मी पुन्हा हात धरला. "माहीत आहे मले. वर चाल."

"लोक पायतात बाई."

"पाहू दे."

तिला वर आणलं. गादीवर नाही बसली, कितीही म्हटलं तरी. ओट्याच्या काठाला टेकली, अर्धं अंग बाहेर, मुलीला पोटाशी धरून. पाणी दिलं. तिनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात प्याली. समोरच्या किराणावाल्यानं मान वळवून पाहिलं, दोन बायका पायरीपर्यंत येऊन परत गेल्या. जाऊ दे म्हटलं. मी तिच्या शेजारी बसून होते आणि माझ्या तोंडात एकही शब्द नव्हता. सवाष्णींना तुम्ही काय विचारायचात ते मी ऐकलं होतं. यांना काय विचारायचात ते ऐकलं नाही.

तिनं पेला खाली ठेवला. आता उठेल असं वाटलं. उठली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी म्हणेन म्हणून.

ती पुढच्या बाजारालाही येणार आहे, बाई. येते म्हणाली. तिच्याशी काय बोलू?